थंडी पडली की बॉयलर बंद: गोठलेली कंडेन्सेट नळी, आणि नवा बॉयलर बसवतानाच ती कशी टाळायची

लक्षणं

संध्याकाळपर्यंत घर तापवणारा गॅस बॉयलर नीट चालला. रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी उठून बघता तर रेडिएटर गार, नळाला गरम पाणी नाही आणि बॉयलरच्या पडद्यावर कुठला तरी कोड. रिसेट दाबलं की पंखा फिरतो, ठिणगीची टिकटिक ऐकू येते, कधी क्षणभर पेटतोही, आणि पुन्हा बंद. पेटायच्या प्रयत्नात असताना आतून गुडगुड आवाज येतो, नळीत पाणी अडकल्यासारखा.

याहून मोठी खूण म्हणजे दुपारी थोडं ऊन पडलं की बॉयलर आपोआप सुधारतो. इंजिनिअर तीन वाजता येतो तेव्हा सगळं सुरळीत असतं, तो "काही दोष दिसत नाही" म्हणून निघून जातो, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

ब्रिटनमध्ये घरगुती गॅसचं काम करताना हिवाळ्यात मला सर्वांत जास्त फोन याच तक्रारीचे येतात. स्लाव, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स, कुठलंही घर असो, गोष्ट तीच. बॉयलर बहुतेक वेळा पूर्ण निर्दोष असतो. दोष असतो घराबाहेर आलेल्या दोन-तीन मीटर प्लास्टिकच्या नळीत. हे माहीत नसल्यामुळे लोक सुटे भाग बदलतात, काही जण अख्खा बॉयलर बदलतात, आणि नळी जुनीच राहिल्यामुळे नवा बॉयलरही पहिल्याच हिमाला बंद पडतो. हे पैसे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

हे होतं कशामुळे

जुने बॉयलर गॅस जाळून तयार झालेली वाफ धुरासोबत बाहेर सोडून द्यायचे. कंडेन्सिंग बॉयलर ती वाफ आतच थंड करून तिचं पाणी करतो आणि त्या वेळी सुटणारी उष्णता वापरतो. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं, तसंच हे. ते होण्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली असावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून, मोजके अपवाद वगळता, नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच बसवावा लागतो.

हे पाणी, म्हणजे कंडेन्सेट, कुठेतरी सोडावं लागतं. पूर्ण जोरात चालणारा घरगुती बॉयलर तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी काढू शकतो. ते थोडं आम्लधर्मी असतं, म्हणून त्याची नळी तांब्याची नसते, प्लास्टिकची असते. नळी घरातल्या घरात मोरीच्या पाइपला जोडली असेल तर प्रश्नच नाही. पण जुना बॉयलर काढून त्याच जागी नवा लावताना बऱ्याचदा जवळची भिंत भोकसून नळी बाहेर काढली जाते, कारण तेच सर्वांत झटपट होतं. बाहेर ती बारीक, उघडी आणि आडवी असली की थंडीत पाणी आतच गोठतं. मागून येणारं पाणी तुंबत बॉयलरच्या ट्रॅपमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या खालच्या भागात) आणि तिथून वर उष्णता-विनिमयकाच्या, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, तळापर्यंत चढतं. मग धुराची वाट अडते, ज्योत टिकत नाही आणि बॉयलर सुरक्षेसाठी स्वतःला बंद करतो. गुडगुड आवाज त्या तुंबलेल्या पाण्यातून हवा जाताना येतो.

२०१० चा डिसेंबर अनेकांना आठवत असेल. त्या महिन्यात देशभर अशा नळ्या गोठल्या आणि त्यानंतर नळीची जाडी, उतार, आवरण याबद्दलच्या सूचना बऱ्याच कडक झाल्या. पण त्याआधी बसवलेल्या नळ्या अजून हजारो भिंतींवर तशाच आहेत.

काहीही तपासण्याआधी

गॅसचा वास येत असेल किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. खिडक्या-दारं उघडा, दिव्याचं बटण चालू-बंद करू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. घरातल्या सगळ्यांना एकदम डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं, हेसुद्धा तेवढंच गंभीर समजा.

घर भाड्याचं असेल तर आधी घरमालकाला किंवा एजंटला कळवा. बॉयलर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्यांची. खालच्या साध्या तपासण्या मात्र भाडेकरूलाही करता येतात, आणि फोनवर नेमकं काय सांगायचं ते त्यातून कळतं.

१. पडद्यावरचा कोड

फोनने फोटो काढून ठेवा. रिसेट केल्यावर कोड जातो आणि मग इंजिनिअरला सांगायला काही उरत नाही. व्हॅलंटवर एफ २८ किंवा एफ २९, वूस्टरवर ईए, आयडियलवर एल २, बॅक्सीवर ई १३३ असे कोड "ज्योत पेटली नाही किंवा टिकली नाही" या गटातले आहेत. मॉडेलप्रमाणे कोड बदलतात, म्हणून पुस्तिकेत बघून खात्री करा. पुस्तिका बहुतेक वेळा बॉयलरच्या खालच्या झाकणामागे किंवा मीटरच्या कपाटात खुपसलेली सापडते.

कोड ज्योतीचा आहे एवढ्यावरून नळीच गोठली असं म्हणता येत नाही. गॅस आला नाही तरी हाच कोड येतो. म्हणून पुढची तपासणी.

पडदा पूर्ण काळा असेल तर शेजारच्या भिंतीवरचं बटण आणि त्यातला ३ अँपिअरचा फ्यूज बघा. गोठलेली नळी पडदा काळा करत नाही.

२. गॅस येतोय का

स्वयंपाकघरातली शेगडी पेटवून बघा. शेगडी नीट जळली तर घरात गॅस आहे. प्रीपेड मीटर असेल तर शिल्लक बघा. थंडीत हीटिंग जास्त चालतं आणि पैसे अपेक्षेपेक्षा लवकर संपतात. शेगडी विजेची असेल तर मीटरवर शिल्लक आणि झडप उघडी आहे का, एवढंच बघता येईल.

३. थर्मोस्टॅट

खोलीतल्या थर्मोस्टॅटची बॅटरी संपली असेल तर बॉयलरला "चालू हो" असा निरोपच जात नाही. फरक ओळखायला सोपा आहे: अशा वेळी कोड येत नाही, बॉयलर नुसता शांत उभा असतो, आणि कॉम्बी (टाकीशिवाय नळाचं पाणीही तापवणारा बॉयलर) असेल तर नळाला गरम पाणी येतच राहतं.

४. दाब

बॉयलरवरचा दाबमापक बघा. थंड असताना तो १ ते १.५ बार असावा. त्याच्या बराच खाली असेल तर बॉयलर पेटणार नाही, पण त्याचा कोड वेगळा असतो. व्हॅलंटवर तो एफ २२.

दाब वाढवणं तुम्हाला जमेल. बॉयलरखाली वेणीसारखी जाळीदार, दोन्ही टोकांना छोट्या चाव्या असलेली लवचीक नळी असते, तिला फिलिंग लूप म्हणतात. काही नव्या बॉयलरना तिच्याऐवजी एक दांडा किंवा किल्ली असते. चाव्या हळूहळू उघडा, काटा १.३ च्या आसपास आला की दोन्ही घट्ट बंद करा. ३ बारला सुरक्षा झडप उघडते, म्हणून घाई नको.

महिन्यातून अनेकदा पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा आतल्या विस्तार-टाकीतली हवा गेली आहे. तो या लेखाचा विषय नाही, तिथे इंजिनिअरच बोलवा. सारखं ताजं पाणी भरत राहिलं तर त्यासोबत आलेल्या ऑक्सिजनमुळे रेडिएटर आतून गंजतात.

५. बाहेर जाऊन नळी बघा

इथपर्यंत सगळं ठीक, कोड ज्योतीचा, रात्री पारा शून्याखाली, आणि गुडगुड आवाज: आता कोट चढवून बाहेर जायची वेळ.

बॉयलरच्या मागच्या भिंतीतून बाहेर तीन गोष्टी येतात आणि लोक त्यांत हमखास गोंधळतात. पहिली जाड, साधारण १०० मिलिमीटर व्यासाची धुराची नळी, म्हणजे फ्लू. तिच्यातून पांढरी वाफ निघणं हे बॉयलर नीट चालल्याचं लक्षण आहे, घाबरू नका. तिला हात लावू नका. दुसरी तांब्याची, १५ मिलिमीटरची, टोक भिंतीकडे वळवलेली. ती सुरक्षा झडपेची. ती ठिबकत असेल तर दोष दाबाचा आहे, थंडीचा नव्हे. तिसरी प्लास्टिकची, पांढरी, करडी किंवा काळी, खाली गटाराच्या जाळीपर्यंत किंवा भिंतीवरच्या सांडपाण्याच्या मोठ्या पाइपपर्यंत जाणारी. आपल्याला हवी ती हीच.

बर्फ धरतो तो ठरावीक जागी: कोपऱ्याच्या वळणावर, आडव्या भागात जिथे नळी मध्ये झोल खाल्लेली असते, आणि जाळीपाशी उघड्या टोकाला. आधी टोक बघा. तिथे बर्फाचा खडा किंवा कुजलेली पानं अडकली असतील तर हातमोजे घालून काढून टाका. कधीकधी एवढ्यानेच काम होतं.

आदल्या दोन-तीन रात्री पारा शून्याखाली गेलाच नसेल आणि तरी हीच लक्षणं असतील, तर नळी किंवा ट्रॅप गाळाने तुंबला असण्याची शक्यता जास्त. तिथे गरम पाणी ओतून उपयोग नाही. सरळ सहाव्या मुद्द्यानंतरचा भाग वाचा.

६. बर्फ वितळवणं

नळी जमिनीवर उभं राहून हाताला येत असेल तरच हे करा. शिडी लावून, बर्फाळ फरशीवर, हातात गरम पाणी घेऊन चढू नका. पहिल्या मजल्यावरच्या नळीसाठी इंजिनिअर बोलवा.

गरम पाण्याची पिशवी किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायची शेकपट्टी नळीभोवती गुंडाळा आणि जागा बदलत राहा. किंवा तांब्याने गरम पाणी नळीवर बाहेरून ओता. पाणी गरम हवं, उकळतं नको. गारठलेल्या प्लास्टिकवर उकळतं पाणी पडलं की नळी किंवा सांधा तडकतो आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच निघतो. पेटती ज्योत, पेंट उडवायची हीट गन यांतलं काहीही वापरू नका. काम टोकापासून सुरू करून वर बॉयलरच्या दिशेने न्या. खालची वाट मोकळी नसेल तर वर वितळलेलं पाणी खाली येऊन पुन्हा तिथेच गोठतं. जमिनीवर सांडलेल्या पाण्याचा थोड्या वेळात बर्फ होतो, त्यावर मीठ टाका. सकाळी शाळेला निघालेली मुलं तिथूनच धावतात.

टोकातून पाणी धो-धो आलं की समजा वाट मोकळी झाली. आता आत या आणि रिसेट एकदा दाबा. बॉयलर पेटण्याआधी पंखा थोडा वेळ फिरतो, त्याला तेवढा वेळ द्या. पेटला, गुडगुड थांबली, की झालं. नाही पेटला तर नळीवर आणखी एक फेरी करा, मग पुन्हा एकदा रिसेट.

कधी थांबायचं

दोन-तीन रिसेटनंतरही कोड परत येत असेल तर थांबा. बॉयलर स्वतःला कारणाशिवाय बंद करत नाही.

बॉयलरचं कवच स्वतः काढू नका. बऱ्याच बॉयलरमध्ये ते कवच ज्वलनकक्ष हवाबंद ठेवण्याचाच भाग असतं. खाली दिसणारा ट्रॅपही स्वतः काढू नका. त्यात भरलेलं पाणी धूर घरात येण्यापासून अडवतं. ट्रॅप रिकामा किंवा चुकीचा बसलेला असताना बॉयलर चालवला तर ज्वलनाचे वायू खोलीत येऊ शकतात, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घरात तान्हं बाळ असेल, किंवा पुण्याहून आईबाबा आलेले असतील आणि नळी वितळवणं शक्यच नसेल, तर मी तात्पुरती एक सोय करतो: ट्रॅप जागेवर ठेवून त्याच्यापुढचा सांधा घरात सोडवायचा आणि खाली बादली लावायची. ती बादली रात्रीही रिकामी करावी लागते. पण सांधा कुठला हे चुकलं तर वर सांगितलेला धोका असतो, म्हणून हे फोनवर विचारून करायचं काम नव्हे.

गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेलाच माणूस लागतो, कायद्यानेच. २००९ मध्ये कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी हे रजिस्टर आलं. दारात आल्यावर त्याचं ओळखपत्र मागा आणि मागची बाजू वाचा: कोणकोणत्या उपकरणांवर काम करायची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. चांगला इंजिनिअर कार्ड मागितल्याचा राग धरत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

हवामान खात्याने कडक थंडीचा इशारा दिला असेल तर त्या दिवसांपुरता तात्पुरता उपाय असा: खोलीतल्या थर्मोस्टॅटवर हीटिंग रात्रभर कमी तापमानावर चालू ठेवा आणि बॉयलरवर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान वर न्या. पाणी गरम असलं की कंडेन्सेट कमी तयार होतं, आणि नळीत जे काही येतं ते थांबून राहत नाही. गॅस जास्त जळतो, म्हणून थंडी सरली की तापमान पुन्हा खाली आणा. बॉयलरमध्ये हिमापासून संरक्षणाची सोय आहे असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण ती बॉयलरच्या पोटातल्या पाण्यासाठी. बाहेरच्या नळीला तिचा फायदा नाही.

खरा उपाय नळीचाच. बाहेरचा भाग बारीक, २१.५ मिलिमीटरचा असेल तर भिंतीच्या आतूनच ३२ मिलिमीटरचा करून घ्या. नळी जाड असली की तळाशी वाहणारं पाणी तिचं तोंड भरून टाकू शकत नाही. उतार मीटरला निदान ४५ मिलिमीटर असावा. वळणं कमीत कमी, बाहेरची लांबी ३ मीटरच्या आत, आणि वर पाणी न शोषणारं, उन्हाने न फाटणारं आवरण. घरातल्या नळ्यांवर चढवतात तो साधा करडा फोम बाहेर लावला तर दोन पावसाळी हिवाळ्यांत तो भिजतो, मग सांध्यावरून उघडतो, आणि नेमक्या वळणावरच नळी उघडी पडते.

बॉयलरच बदलायचा असेल तर

नव्या बॉयलरसाठी तीन कोटेशन घेतलीत तर तिन्ही बहुतेक ब्रँड, किलोवॅट आणि वॉरंटीची वर्षं सांगतील. तुम्ही आधी एकच विचारा: "कंडेन्सेट कुठे सोडणार?"

"मोरीच्या पाइपला आतूनच जोडतो" हे उत्तर सर्वांत चांगलं. स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाइप, वॉशिंग मशीनचा पाइप किंवा घरातून जाणारा सांडपाण्याचा उभा पाइप, यांपैकी काहीतरी जवळ असतंच. त्यासाठी कपाटाची मागची फळी कापावी लागली किंवा बॉयलर मीटरभर सरकवावा लागला, तरी तो खर्च करा. अगदीच उतार मिळत नसेल तर छोटा कंडेन्सेट पंप लावता येतो. मात्र पंप बिघडला की बॉयलरही थांबतो, त्यामुळे मी तो शेवटचा पर्याय ठेवतो. "होती तीच नळी वापरू" असं उत्तर आलं तर ती नळी आत्ता, त्याच्या देखत, बाहेर जाऊन दोघांनी बघा.

पोटमाळ्यावर बॉयलर हलवायचा सल्ला मिळत असेल तर हाच प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. पोटमाळा स्वतःच गार असतो आणि तिथून छपराच्या कडेने बाहेर काढलेली नळी कुणाच्याच हाताला येत नाही. अशा घरांत भर हिमात मी खाली उभा राहून वर बघण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही.

आकाराबद्दल थोडक्यात. साधारण तीन खोल्यांच्या घराला गरम ठेवायला १० किलोवॅटही पुष्कळदा पुरतात. २४ किंवा ३० किलोवॅट लागतात ते कॉम्बीच्या गरम पाण्यासाठी. २४ किलोवॅटचा कॉम्बी ३५ अंशांनी तापवलेलं पाणी मिनिटाला जेमतेम १० लिटर देतो, ३० चा १२ च्या आसपास. आधी स्वयंपाकघरातल्या गार नळाखाली बादली धरून मिनिटाला किती पाणी येतं ते मोजा. रस्त्यावरून तेवढं पाणीच येत नसेल तर मोठा बॉयलर घेऊन काही मिळत नाही. दोन न्हाणीघरांत सकाळी एकदम अंघोळी चालणाऱ्या घराने गरम पाण्याच्या टाकीचा विचार करावा.

रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ७५-८० अंशांवर ठेवून जाणं ही इथली जुनी सवय आहे. तेवढ्या तापमानाला कंडेन्सिंग बॉयलर फारसा कंडेन्स होत नाही आणि ज्यासाठी पैसे मोजले ती बचत निसटते. ५५-६० वर आणायला सांगा. आणि तापमान खाली आणलं की कंडेन्सेट वाढतं. बचतीसाठी बॉयलर नीट लावलेल्या घरात नळी सर्वांत चांगली असायला हवी ती यासाठीच.

बसवताना जुनं गढूळ पाणी धुऊन काढणं, गंजरोधक रसायन भरणं आणि चुंबकाची गाळणी लावणं, हे तिन्ही कोटेशनमध्ये लिहून घ्या. काम झाल्यावर बेंचमार्कची (बॉयलर बसवताना केलेल्या तपासण्यांची) नोंद भरलेली आहे का बघा, आणि काही आठवड्यांत बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र आलं नाही तर इंजिनिअरच्या मागे लागा. घर विकताना वकील ते मागतो. वॉरंटी टिकवायला दरवर्षी सर्व्हिस लागते. ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करून घ्या आणि त्या वेळी ट्रॅप साफ करायला आणि बाहेरच्या नळीचं आवरण बघायला स्पष्ट शब्दांत सांगा.